चुलीत आणि बंबात काय जाळावं, काय नाही

मराठवाड्यात गॅस आला, पण चूल गेली नाही. भाकरी चुलीवरची, अंघोळीचं पाणी बंबातलं आणि पौषात परभणीकडे पारा १० अंशांच्या खाली उतरला की अंगणात शेकोटी. जळणही घरचंच असतं: तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, बांधावरची बाभूळ. तेव्हा ‘चूल बंद करा’ एवढं सांगून भागत नाही. ती पेटणारच असेल तर नीट कशी पेटवायची, हे माहीत हवं.

खालच्या बहुतेक नियमांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: धूर म्हणजे न जळता निसटलेलं जळण. ज्या चुलीतून धूर निघतो तिथे सरपण तर वाया जातंच, शिवाय चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या लेकराच्या छातीत तोच धूर रोज दोन वेळा जातो. तो कमी करणं आपल्या हातात आहे आणि त्याला फार पैसाही लागत नाही.

आधी कायदा काय म्हणतो

घरच्या चुलीत सुकं लाकूड जाळायला महाराष्ट्रात सरसकट बंदी नाही. मुंबईत २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना इंधन बदलायला सांगितलं गेलं. तो विषय व्यवसायाच्या भट्ट्यांचा, घरच्या चुलीचा नव्हे. पण लाकूड कुठून आणलं आणि त्यासोबत काय जाळलं, यावर मात्र कायद्याची नजर आहे.

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत जी झाडं आहेत ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आपल्या भागात भेटणारी त्यातली झाडं अशी: साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, चंदन, अंजन, ऐन, बिजा, हळदू, तिवस. बाभूळ, वेडी बाभूळ, सुबाभूळ या यादीत नाहीत. नगरपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीत राहत असाल तर १९७५ चा नागरी क्षेत्रांसाठीचा झाडांच्या जतनाचा वेगळा कायदा लागू होतो. तिथे अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

जंगलातून सरपण आणणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. राखीव वनात झाड तोडणं आणि आग लावणं हे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हे आहेत. गौताळा किंवा नायगावसारख्या अभयारण्यात वन्यजीव कायदाही लागतो आणि तो आणखी कडक आहे. ट्रॅक्टरभर लाकूड एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याचं आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. लाकूड कोणत्या जातीचं आहे यावर परवाना लागतो की नाही हे ठरतं. गाडी भरून झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

कचऱ्याचा नियम वेगळा आहे आणि तो सगळ्यांना लागू आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने कचरा उघड्यावर जाळायला मनाई केली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने अशा जाळण्याला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड सांगितला. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवा खराब असलेल्या शहरांच्या, यादीत आहेत. तिथे गल्लीतली टायरची शेकोटी ही किरकोळ बाब समजू नका. शेजारच्याच्या धुराचा त्रास सांगूनही थांबत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी तहसीलदारांकडे, अर्ज देता येतो.

जळण निवडताना

बाभळीला तोड नाही. लाकूड जड, जाळ शांत, निखारा दीर्घकाळ टिकणारा. भाकरीचा तवा एकसारखा तापतो. वेडी बाभूळ तितकीच कसदार आहे आणि ती जितकी निघेल तितकी गायरानाला बरीच. फक्त काटे आधी कोयत्याने झाडून घ्या, कारण ते चपलेतून आरपार जातात. सुबाभूळ हलकी, लवकर वाळते आणि लवकर संपते. पाणी तापवायला ठीक. चिंच फोडताना घाम काढते, पण धग उत्तम. कडुलिंबाचा धूर कडवट आणि डोळ्यांना झोंबणारा असतो, म्हणून पूर्ण वाळल्याशिवाय तो चुलीत घालू नये. शेवगा आणि पांगारा हे नुसतं भुसभुशीत लाकूड. आणायचे कष्टही वसूल होत नाहीत.

तुराट्या पेटवणाला सगळ्यात चांगल्या. जाळ लगेच धरतात, पण तितक्याच लवकर राख होतात, म्हणून नुसत्या तुराट्यांवर स्वयंपाक करणारीला चुलीपुढून उठता येत नाही. तुराट्या पेटवायला आणि बाभूळ टिकवायला, ही जोडी जमवावी.

पऱ्हाट्यांबद्दल थोडं सविस्तर सांगणं भाग आहे. वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या उपटून बांधावर किंवा घरामागे गंज मारून ठेवायची आपली पद्धत आहे. त्या गंजीतल्या न उमललेल्या बोंडांत आणि नख्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तिथूनच शेतात उतरते. म्हणून पऱ्हाटी जळणासाठी ठेवायची असेल तर उपटल्यावर लगेच बोंडं, नख्या, कवड्या (किडकी, न फुटलेली बोंडं) झाडून गोळा करा आणि त्या आधी चुलीत घाला. राहिलेली खोडं मेअखेर संपवा. मृगात नवी सरकी टोबायची आणि बांधावर जुनी गंज उभी, असं होऊ देऊ नका. आणखी एक गोष्ट: पऱ्हाटीच्या मुळाला चिकटलेली माती झटकून टाका. ती चुलीत साचते आणि हवा अडवते.

गवऱ्यांचा धूर लाकडापेक्षा जास्त असतो. मंद धगीवर दूध आटवायला त्या सोयीच्या, हे खरं. पण बंद घरात, धुराड्याशिवाय, फक्त गवऱ्यांवर दोन्ही वेळचा स्वयंपाक करू नये. शेणाची खरी जागा उकिरडा किंवा बायोगॅस. आपल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे.

बिब्ब्याचं लाकूड कधीही जाळू नका. किनवट-माहूरकडे आणि बालाघाटाच्या डोंगरात सरपणाच्या मोळीत ते चुकून येतं. त्याच्या चिकाने कातडी उतते आणि धुरानेही तोंड-डोळे सुजतात. कण्हेरीचंही तसंच, झाड अंगभर विषारी आहे, त्याची फांदी पेटवणालाही वापरू नये.

लाकूड वाळवणं: अर्धं काम इथेच होतं

ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे वखारीतून क्विंटलभर ओलं लाकूड घेतलं तर ४० ते ५० किलो पाण्याचेच पैसे मोजले. हे पाणी चुलीत आधी वाफ होऊन जावं लागतं आणि त्यात जाळाची ताकद जाते. चुलीचा पोटभाग थंड राहतो, लाकडातला वायू पेटत नाही आणि तोच धूर होऊन बाहेर पडतो. एक किलो वाळलेलं लाकूड साधारण १५ मेगाज्यूल उष्णता देतं. तेच निम्मं ओलं असेल तर ८ च्या आसपास.

याचा घरातला हिशेब करून पाहा. अंघोळीचं २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला जेमतेम २.१ मेगाज्यूल लागतात. उघड्या तीन दगडांच्या चुलीत उष्णतेचा आठवा हिस्साच भांड्याला पोचतो, असं धरलं तर वाळलेलं लाकूड सव्वा किलोच्या आत पुरतं आणि ओलं लाकूड दोन किलोंच्या वर जातं. चूल सुधारून पाव हिस्सा उष्णता भांड्याला मिळाली तर अर्ध्या किलोच्या थोडं वर लाकडात काम होतं. एवढा फरक फक्त वाळवण्याचा आणि चुलीच्या बांधणीचा आहे.

वाळवायची पद्धत:

१. तोड पौष-माघात करा. पुढचे चार महिने आपल्याकडचं ऊन फुकट काम करतं.

२. लाकूड लगेच फोडा. आख्खा ओंडका सालीच्या आत वर्षभर ओला राहतो. ढलपी मनगटाएवढी जाड आणि फूट-सव्वा फूट लांब असावी. चुलीच्या तोंडाबाहेर हातभर लोंबणारं लाकूड बाहेरच धुमसतं.

३. जमिनीपासून वीतभर उंच, दगडांवर किंवा विटांवर आडव्या बल्ल्या टाकून रचा. एक थर उभा, एक आडवा, म्हणजे वारा आरपार जातो. भिंतीला चिकटवू नका. वाळवी भिंतीतूनच चढते.

४. वरून ताडपत्री टाका, बाजू उघड्या ठेवा. चारही बाजूंनी गुंडाळलेला ढीग आतून घामेजतो आणि बुरशी धरतो.

५. मृग निघायच्या आत पावसाळ्यापुरतं जळण छपराखाली घ्या.

वाळलं की नाही ते असं ओळखा. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा: वाळलेल्या खणखणतात, ओल्या थपथप वाजतात. टोकाला तडे दिसतात, साल नखाने सुटते. त्याहून पक्की खूण हवी असेल तर ढिगातली एक मधली ढलपी खूण करून तराजूवर तोला आणि दर आठवड्याला तोलत राहा. वजन घटायचं थांबलं की ढीग तयार. जाळताना टोकातून फेस किंवा पाणी येत असेल तर ते लाकूड बाहेर काढून ठेवा, फुंकत बसू नका.

ढिगातून लाकूड काढताना आधी काठीने ठोका. साप आणि विंचू याच पोकळीत बसतात. पहाटे अंधारात बंब पेटवायला जाणाऱ्याने बॅटरी घेतल्याशिवाय ढिगात हात घालू नये.

चूल अशी हवी

नुसत्या काळ्या मातीची चूल तडकते, कारण काळी माती वाळताना आकसते. दोन घमेली पांढरी किंवा तांबूस माती, एक घमेलं काळी, अर्धं घमेलं गव्हाचा भुसा आणि अर्धं घमेलं शेण एकत्र भिजवून दोन दिवस मुरू द्या, मग तुडवा. चूल बांधून झाल्यावर आठ-दहा दिवस सावलीत वाळवा. घाई करून पहिल्याच दिवशी मोठा जाळ केला तर तोंडाशी हमखास भेग पडते.

तोंड ६ ते ७ इंच रुंद आणि ५ ते ६ इंच उंच पुरतं. मोठं तोंड ठेवलं की गरज नसलेली गार हवा आत शिरते आणि बाई जास्त लाकूड कोंबते. आत तळापासून ३ इंचांवर लोखंडी जाळी बसवा. हवा जाळीखालून आली की निखाऱ्याला खालून श्वास मिळतो आणि फुंकणीचं काम निम्म्याने कमी होतं. जाळीखालची राख रोज काढायची; ती साचली की जाळी असून नसल्यासारखी. भांडं टेकायला तीन उंचवटे ठेवा, पण भांडं आणि चुलीची कड यांत बोटभरच फट असावी. फट मोठी असेल तर जाळ भांड्याला न लागता बाजूने निघून जातो.

मागे वैल, म्हणजे चुलीचं दुसरं तोंड, ठेवलीत तर तिच्यावर पाण्याचं पातेलं कायम असू द्या. रिकामी वैल म्हणजे धुराला घरात यायला उघडं दार. चुलीचं तोंड वाऱ्याच्या दिशेला नको: आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि हिवाळ्यात पूर्व-ईशान्येकडून असतो, त्यामुळे उत्तर किंवा दक्षिण तोंड सहसा निभतं.

बाजारातली लोखंडी चूल घेणार असाल तर भारतीय मानक १३१५२ चा शिक्का बघा. त्या मानकात साध्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के मागितली आहे. पंख्याची चूल धूर फार कमी करते, पण तिला बोटाएवढे तुकडे लागतात. रोज लाकूड इतकं बारीक करायला घरात कोण बसणार, हे घेण्याआधी ठरवा. चूल आणि गॅसची टाकी एका खोलीत नको, कोणत्याही सबबीवर नको.

पेटवताना

आधी राख उपसा. जाळीवर दोन तुराट्या उभ्या, दोन आडव्या, खाली मूठभर वाळलं गवत किंवा पाचट. तुराट्यांनी जाळ धरला की बारीक काटक्या आणि मग दोन, फार तर तीन ढलप्या. टोकं एकमेकांजवळ यावीत पण चिकटू नयेत. मधे हवेला वाट लागते. लाकूड आत सरकवत राहायचं, कोंबायचं नाही. पहिली पाच-दहा मिनिटं धूर येणारच. त्यानंतर जाळ पिवळा, स्वच्छ असायला हवा. तरीही सारखी फुंकणी लागत असेल तर तीनच कारणं असतात: लाकूड ओलं, राख साचलेली किंवा चूल कोंबलेली.

रॉकेल, पेट्रोल, डिझेल, सॅनिटायझर यातलं काहीही ओतायचं नाही. विझत आलेल्या चुलीवर रॉकेल टाकलं की आधी गरम निखाऱ्यावर त्याची वाफ होते आणि ती एकदम भडकते. आग धारेवरून थेट हातातल्या बाटलीत चढते. चुलीपुढे सुती कपडे, पदर खोचलेला. नायलॉनची साडी वितळून कातडीला चिकटते. भाजलंच तर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काही लावू नका. भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा असेल किंवा तोंडावर असेल तर १०८ ला फोन करा.

जळण वाचवायचा सगळ्यात सोपा उपाय चुलीबाहेर आहे: डाळ दोन तास आधी भिजत घाला, पातेल्यावर झाकण ठेवा आणि उकळी आल्यावर एक ढलपी मागे ओढा.

बंबात काय जातं ते एकदा बघा

चुलीत काय घालायचं याची घरात सहसा काळजी घेतली जाते. बंबात मात्र काहीही जातं. गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, तुटकी चप्पल, ठिबकच्या जुन्या नळ्या, सायकलचं टायर. पाणी तापतं, पण तो धूर न्हाणीत भरतो आणि तिथेच लेकरं अंघोळ करतात. पीव्हीसी पाइप, वायरचं वेष्टन आणि रेक्झिन जळताना क्लोरीनचे विषारी वायू निघतात. प्लायवूड आणि लॅमिनेटच्या तुकड्यांत चिकटवणीची रसायनं असतात. जुन्या दार-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून वाडा पाडल्यावर निघालेलं रंगवलेलं लाकूड फुकट मिळालं तरी जळणाला नको. कीटकनाशकाचे डबे आणि खोकी तर अजिबात नको. डबा तीनदा धुवा, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता आणि भोक पाडून डबा वेगळा ठेवा.

ज्या दिवशी असं काही जळालं असेल त्या दिवसाची राख भांडी घासायला घेऊ नका.

धुराडं

४ इंची पाइप, छपराच्या वर किमान २ फूट, टोकावर टोपी आणि टोपीखाली ४ इंच मोकळी जागा. वळण असेल तिथे उघडता येणारं तोंड ठेवा, नाहीतर सफाई होत नाही आणि वर्षभरात लोक धुराड्यालाच नावं ठेवतात. महिन्यातून एकदा, चूल थंड असताना, दोरीला पोत्याचा बोळा बांधून वरून खाली ओढा. आत चिकट, डांबरासारखा थर दिसला तर लाकूड ओलं जळतंय असं समजा. तो थर पेटू शकतो. नुसती कोरडी काजळी असेल तर काळजी नाही.

माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात पाइप तुळईला किंवा किलचानाला (छताखालच्या फळ्यांना) टेकू देऊ नका. चारही बाजूंना वीतभर अंतर ठेवून मधे माती भरा. धुराडं जमतच नसेल तर चुलीच्या वरचं सवणं (छतातलं धूर जायचं भोक) तरी पावसाळ्यानंतर पुन्हा उघडा. बुजवलेल्या सवण्याखाली चूल पेटवणं म्हणजे धूर कोंडून घेणं. पाइपचं तोंड शेजारच्यांच्या खिडकीसमोर काढू नका. कडब्याची गंजी धुराड्यापासून आणि शेकोटीपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. उन्हाळ्यात एक ठिणगी पुरते.

शेकोटी आणि निखाऱ्याची शेगडी

शेकोटी उघड्यावर, घराच्या भिंतीपासून आणि गोठ्यापासून लांब. शेजारी पाण्याची बादली. उठताना विझवूनच उठायचं, राखेत बोटं घालून बघता येईल इतकी थंड.

थंडीत घमेल्यात निखारे घेऊन खोलीत ठेवायची आणि दार लावून झोपायची सवय सगळ्यात घातक आहे. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून तो निर्धोक वाटतो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवायचीच असेल तर दार आणि समोरची खिडकी दोन्ही उघडी हवीत, कुणीतरी जागं हवं आणि शेक झाला की शेगडी लगेच बाहेर. कुणाला चक्कर आली तर आधी त्याला मोकळ्या हवेत ओढा, मग १०८.

राख

वरून गार दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही जिवंत निखारा असतो. ती लोखंडी घमेल्यातच काढा, प्लास्टिकच्या टोपल्यात किंवा उकिरड्यावर लगेच नको. उकिरडे असेच पेटतात. पाणी शिंपडून दोन दिवस बाजूला ठेवा, मग चाळा. चाळलेली कोरडी राख मूग-मटकीच्या बियाण्यात मिसळली तर भुंगा कमी लागतो. शेतात टाकायची असेल तर बेताने: आपली काळी जमीन बहुधा आधीच विम्लधर्मी (अल्कधर्मी) असते आणि राखही तशीच, म्हणून एकाच जागी ढीग करू नका. उकिरड्यावर शेणाच्या थरांमधे पातळ पसरली तर तिथे ती चांगली मुरते.